नोंदीप्रमाणे दोन्ही कान उत्तम

गोदामाच्या व्यवस्थापकाने हवालदाराला कामावरून काढलं नाही. हे त्याने स्वतःच दोनदा सांगितलं. "काढत नाहीये मी. कान दाखवून या, मशीन लागत असेल तर लावा, डॉक्टरांचा कागद आणा आणि खुशाल उभे राहा. पण कागदाशिवाय धक्क्यावर पाय ठेवायचा नाही." तो हवालदाराच्या उजव्या बाजूला येऊन, जाड आवाजात बोलला, म्हणून ते पोहोचलं.

झालं होतं ते असं. मंगळवारी दुपारी सव्वादोनला एक ट्रक धक्क्याला पाठ लावत होता. मागे किती जागा उरली आहे ते बघून चालकाला हाताने खुणा करणं हे हवालदाराचं काम. एक हमाल पडलेली दोरी उचलायला धक्क्याखाली उतरला होता. तो ओरडला, "थांबव, थांबव!" हवालदाराची पाठ त्याच्याकडे होती. त्याने हात हलवत ट्रक आणखी दोन फूट मागे घेतला. हमाल लोळत बाजूला झाला. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. चहाच्या वेळी तोच हमाल म्हणाला, "मी एवढा बोंबललो, इंजिनाला ऐकू गेलं असेल, पण आमच्या तोफेला नाही." सगळे हसले. हवालदारही हसला, कारण सगळे हसत होते.

सैन्य सोडून त्याला तीन वर्षं झाली होती. सतरा वर्षं तोफखान्यात, त्यातली चौदा एकाच तोफेच्या मागे. गल्लीत, दुकानात, गोदामात सगळे अजून त्याला हवालदारच म्हणत. डाव्या कानाने त्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. उजव्याने जाड आवाज, तोही जवळून. बारीक आवाज आधी गेले होते. कुकरची शिट्टी गेली, मग दारावरची घंटा, मग आठ वर्षांची मुलगी. तिचे ओठ हलताना दिसत. बायकोने आपला आवाज खाली आणायचा सराव केला होता. ती त्याच्या उजवीकडे उभी राहून पुरुषासारखी खर्जात बोले, आणि मुलगी तिची नक्कल करून खिदळे. ते खिदळणंही त्याला फक्त दिसे.

ऐकू येत होती ती एकच गोष्ट, डाव्या कानातली शिट्टी. बारीक, सरळ, न थांबणारी. तिच्यामुळे झोप लागत नसे आणि झोप नसली की चक्कर येई. न्हाणीघरात तो भिंतीला हात लावून उभा राही. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोला भिंतीवरच्या हाताच्या डागावरून कळलं होतं.

बायको झेरॉक्सच्या दुकानात काम करायची. रोज दोनशे लोकांचे अर्ज, दाखले, ओळखपत्रं तिच्या हाताखालून जात. कोणत्या कागदाला कुठला कागद जोडायचा यात तिचा हात कोणी धरू शकत नसे. तिने नवऱ्याच्या सगळ्या कागदांच्या तीन-तीन प्रती काढल्या, त्या क्रमाने लावल्या आणि गुरुवारी सकाळी दोघं माजी सैनिकांच्या दवाखान्यात गेले.

दवाखाना दुमजली होता. खालच्या दालनात सात खिडक्या, त्यातल्या तीन उघड्या. बाकांवर काठ्या, कुबड्या, क्ष-किरणांची मोठी पाकिटं आणि त्यांचे मालक बसलेले. टोकन क्रमांक एका पाटीवर लाल अक्षरांत उमटत होता आणि शिवाय एक बाई तो ध्वनिक्षेपकावरून पुकारत होती. हवालदार पाटीकडे बघत बसला.

चौथ्या खिडकीतल्या कारकुनाने फाईल उघडली, मागची पानं पुढे केली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"काकू, कानाचं म्हणता ना?"

"काकू कोणाला म्हणता? तुमच्याहून दहा वर्षांनी लहान असेन."

"बरं, ताई. हे बघा. आजार नोकरीतला असेल तर मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळते, मशीन मिळतं, सगळं मिळतं. पण नोकरीतला आहे हे नोंदीत दिसायला हवं. इथे नोंद काय आहे? सतरा वर्षांत सोळा श्रवण चाचण्या. सोळाही वेळा दोन्ही कान उत्तम. एवढे चांगले कान माझ्या पोराचे नाहीत, सारखं ‘काय, काय’ करत असतो. आणि हे शेवटचं पान. निवृत्तीच्या तपासणीत यांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय, ‘काही तक्रार नाही.’ खाली सही. सही तुमचीच ना हो?"

हवालदाराने सही ओळखून मान डोलावली. प्रश्न त्याने ऐकला नव्हता.

"असं कसं होईल?" बायको म्हणाली. "माणूस समोर उभा आहे. ओरडून बघा."

"मी ओरडून काय उपयोग? मी कारकून आहे." मग जरा मऊ होऊन तो म्हणाला, "वर चाचणी करून घ्या. आज मशीन चालू आहे. आलेखात दोष दिसला तर डॉक्टर काहीतरी रस्ता काढतील. बारा वाजेपर्यंत नंबर लागेल."

वरच्या मजल्यावर बाकावर बसल्यावर बायकोने फाईल मांडीवर घेतली आणि त्या सोळा चाचण्यांचे सोळा आलेख एकामागून एक बघितले. सगळ्यांत एक रेघ वरच्या अंगाला जवळजवळ सरळ जात होती. तिने नवऱ्याच्या उजव्या कानाशी तोंड नेलं.

"तुम्ही शेवटच्या सुट्टीत आलात तेव्हाच तुम्हाला दारावरची घंटा ऐकू येत नव्हती. मग हे काय आहे?"

त्याने सांगितलं, आणि आपला आवाज किती मोठा आहे याचा त्याला अंदाज नसल्यामुळे समोरच्या बाकावरच्या दोघांनीही ते ऐकलं.

चाचणीची खोली काचेची असते, तो म्हणाला. कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. बाहेर मशीनवर बसलेला माणूस आवाज सोडतो तेव्हा त्याचं कोपर जरासं खाली येतं. बटरीतल्या, म्हणजे तोफांच्या तुकडीतल्या, पहिल्याच महिन्यात उस्तादाने सगळ्या नव्या पोरांना हे शिकवलं होतं. कोपर खाली आलं, मनात एक म्हणायचं, दाबायचं. दर सातव्याला दांडी मारायची. सगळेच बरोबर आले तर मशीनवाल्याला संशय येतो.

"पण का?"

"कान उतरला की तोफेवरून खाली. मग कोठारात बसून बुटांच्या जोड्या मोजायच्या. बढती नाही, काही नाही. आजारी पडणाऱ्याकडे पोरं कशी बघतात तुला माहीत नाही."

"आणि शेवटच्या दिवशी? तेव्हा कसली बढती होती?"

"शेवटच्या दिवशी," तो म्हणाला, "तक्रार आहे म्हटलं की कागद अडकतात. दोन-दोन महिने लष्करी रुग्णालयात बसवून ठेवतात. बाकीचे सगळे घरी निघाले होते. आणि सवयच झाली होती गं. कोपर दिसलं की अंगठा आपोआप."

समोरच्या बाकावरचा म्हातारा, ज्याचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता, मोठ्याने म्हणाला, "आमच्याकडे डोळ्यांचा तक्ता पाठ करायचे." कोणी हसलं नाही.

चाचणी घेणारी पंचविशीतली मुलगी होती. तिने छापील सूचनांचा कागद हवालदाराच्या हातात दिला आणि तो वाचून होईपर्यंत थांबली. आत जाताना हवालदाराने बायकोकडे बघून अंगठा दाखवला. त्याचं ठरलं होतं. ऐकू आलं तरच दाबायचं. कधी नव्हे ती आज नापास होण्यात फायदा होता.

उजव्या कानातले पहिले चार जाड आवाज त्याने ऐकले आणि दाबले. ते खरे होते. त्यानंतर काही येईना. काचेपलीकडे मुलगी त्याच्याकडे अर्धी पाठ करून बसली होती. तिचं कोपर मेजाआड होतं. पण तिच्या कानात लोंबते डूल होते आणि ती आवाज सोडायची तेव्हा डूल हलायचे. हे लक्षात आलं तेव्हा त्याचा अंगठा दोनदा दाबून मोकळा झाला होता.

त्याने डोळे मिटले. डोळे मिटल्यावर शिट्टी इतकी मोठी झाली की तिच्यात शंभर आवाज आहेत असं त्याला वाटलं. यातला मशीनचा कुठला आणि आपला कुठला ते कळेना. आता आला, आता आला, असं वाटून त्याने काही नसतानाही दाबलं. मुलीने काचेवर टकटक केली. ती टकटकही त्याला ऐकू आली नाही. शेवटी तिने दार उघडून त्याच्या खांद्याला हात लावला आणि खुणेने सांगितलं, डोळे उघडे ठेवा. त्याने ठेवले. समोर डूल होते. तो मान वळवून भिंतीकडे बघायला लागला, पण डोळ्याच्या कोपऱ्यात हालचाल दिसतच राहिली. वीस मिनिटांनी तो बाहेर आला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

कानाचे डॉक्टर पन्नाशीचे होते, आवाज भारदस्त. ते मेजापलीकडून बोलत होते आणि हवालदाराला निम्मं कळत होतं. तेही त्याच्या विरुद्ध गेलं.

"माझं तर ऐकू येतंय यांना."

"तुमचा आवाज जाड आहे, डॉक्टर," बायको म्हणाली. "माझा येत नाही. मुलीचा तर नाहीच."

डॉक्टरांनी आलेखाचा कागद तिच्याकडे फिरवला. रेघ वर जात होती, कोसळत होती, परत वर येत होती. "बहिऱ्या माणसाचा आलेख असा नसतो. ऐकू येणाऱ्याचाही नसतो. आवाज सोडलाच नव्हता तिथे यांनी नऊ वेळा बटण दाबलंय. मला नियमाप्रमाणे एकच शेरा लिहिता येतो. ‘प्रतिसाद विश्वासार्ह नाहीत.’"

"म्हणजे?"

"म्हणजे सोंग, असं वाचणारा समजतो."

तेव्हा बायकोने सगळं सांगितलं. कोपर, सातवा, डूल, सगळं. डॉक्टरांनी ते मध्येच न तोडता ऐकून घेतलं. दाराशी उभ्या असलेल्या चाचणीवाल्या मुलीचा हात आपसूक कानातल्या डुलाकडे गेला.

"मी तुमच्यावर विश्वास ठेवतो," डॉक्टर म्हणाले. "पण माझ्या विश्वासाला रकाना नाही. एक चाचणी आहे. डोक्याला तारा लावतात, कानात आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत काय पोहोचलं ते मशीन मोजतं. त्यात बटण नसतं, फसवता येत नाही. पण ती मोठ्या रुग्णालयात होते आणि तिथली चिठ्ठी मी विश्वासार्ह आलेखावरच देऊ शकतो."

"आणि विश्वासार्ह आलेख त्या चाचणीशिवाय येणार नाही."

"बरोबर."

डॉक्टरांनी पेन उघडलं, परत बंद केलं.

"एक रस्ता आहे. हे सगळं लिहून द्या. कोणती बटरी, किती वर्षं, कसं करायचे, कोणी शिकवलं. यांच्या सहीने. मग जुन्या सोळाही चाचण्या रद्द धरून मला चिठ्ठी देता येते. अहवालावर हरकत घ्यायची मुदत पंधरा दिवस आहे."

"आणि बटरीतल्या बाकीच्यांचं?"

"त्यांची परत तपासणी होईल," डॉक्टर म्हणाले. "तारा लावून."

हे शेवटचं हवालदाराला नीट ऐकू आलं. तो उठून उभा राहिला.

त्या तोफेवर आता बायकोचा धाकटा भाऊ होता. हवालदारानेच त्याला भरतीसाठी धावायला शिकवलं होतं, आणि योगायोगाने तो त्याच बटरीत आला तेव्हा बाकीचंही शिकवलं होतं. रविवारी दुपारी चारला त्याचा फोन मोकळा असे. बायको जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली आणि तिने व्हिडिओ कॉल लावला.

"ताई! बोल. जरा मोठ्याने बोल, इथे वारा आहे."

"वारा? खोलीत बसलायस तू. मागे भिंतीवरचं घड्याळ दिसतंय मला."

"काय?"

तिने परत सांगितलं. मग तिसऱ्यांदा. पडद्यावर त्याचा चेहरा वळला, फक्त उजवा गाल आणि उजवा कान दिसायला लागला. तिने जे सांगायचं ते त्या कानाला सांगितलं. त्याने मध्ये फक्त "हं" केलं. संपल्यावर तो म्हणाला, "भाऊजींना लिहायचं तर लिहू दे. मी कोण अडवणारा?"

"तसं नाही रे."

"फक्त दोन महिने थांबता येईल का? बढतीची मेडिकल आहे माझी. ती होऊ दे, मग काय ते लिहा. ताई, तोफेवर नऊ जण आहोत आम्ही. नऊही जण भाऊजींचेच चेले. चौकशी आली तर पोरं मला जिवंत ठेवणार नाहीत. म्हणजे तसं नाही, पण कळतंय ना तुला?"

"पंधरा दिवसांची मुदत आहे. चार गेले."

"काय?"

"तुझा डावा कान गेलाय का रे?"

"माझा? ठणठणीत आहे मी. मागच्याच महिन्यात चाचणी झाली."

"सातवा चुकवलास का?"

तो पहिल्यांदा पडद्याकडे समोरून बघायला लागला. "ताई, रेंज जातेय," तो म्हणाला आणि पडदा काळा झाला.

ती वर आली तेव्हा हवालदार दारातच उभा होता.

"काय म्हणाला?"

"दोन महिने थांबा म्हणाला." मग खर्जात, त्याच्या उजव्या कानाशी: "त्यालाही ऐकू येत नाही."

"माहीत आहे मला," हवालदार म्हणाला.

त्या संध्याकाळी तिने दुकानातून आणलेले चार कोरे कागद मेजावर ठेवले आणि त्यांच्यावर पेन ठेवलं. लिहा, असं ती म्हणाली नाही. लिहू नका, असंही म्हणाली नाही. रोज सकाळी ती मेज पुसायची तेव्हा कागद उचलायची, पुसायची आणि परत तसेच ठेवायची. दहाव्या दिवशी हवालदाराने पहिल्या कागदावर बटरीचा क्रमांक लिहिला, आपला क्रमांक लिहिला आणि ‘अर्ज करतो की’ इथपर्यंत आला. पुढे काही आलं नाही. बाराव्या दिवशी मुलीने उरलेल्यांतल्या एका कागदावर चित्र काढलं, आणि तिला कोणी रागावलं नाही. पंधराव्या दिवशी सरकारी सुट्टी होती. दवाखाना बंद होता. मुदत तशीच संपली.

सोमवारी बायको एकटीच खिडकी क्रमांक चारवर गेली. कारकुनाने तिला ओळखलं.

"ताई, अर्ज आला असता तर काहीतरी करता आलं असतं. आता शेरा कायम झाला. पुढची चाचणी एका वर्षाने."

"गोदामवाला वर्षभर थांबणार नाही."

"मी काय करू, सांगा. मी असतो तर तुमच्या जागी..." त्याने खण उघडून एक छापील कार्ड काढलं. "हे मात्र घ्या. झोप नाही, चिडचिड, ताण, सगळ्यासाठी आहे. याला नोंद लागत नाही, शेरा लागत नाही. कोणीही फोन करू शकतं. चांगले लोक आहेत."

तिने कार्ड उलटसुलट बघितलं. एक क्रमांक होता आणि खाली लिहिलं होतं, ‘आम्ही ऐकत आहोत.’

"फोनच आहे हा."

"हो."

"त्यांना फोनवर ऐकू येत नाही हो. त्यासाठीच तर आले होते."

कारकून गोरामोरा झाला. "समोरासमोर बसून बोलणारेही आहेत," तो म्हणाला. "पण त्यांच्याकडे आधी इथूनच पाठवतात."

बुधवारी तिने दुकानातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. मुलगी शाळेत गेली होती. अकरा वाजता तिने खिडक्या लावल्या, दार लावलं, नवऱ्याला खुर्चीवर बसवलं आणि क्रमांक फिरवला. पलीकडे एक तरुण, गोड आवाजाची बाई होती. हवालदारासाठी याहून वाईट आवाज शोधून सापडला नसता.

"मी त्यांची बायको बोलतेय. त्यांना ऐकू येत नाही. तुम्ही मला सांगा, मी त्यांना विचारते."

"ताई, एक मिनिट. सैनिक क्रमांक सांगता? हं, फाईल उघडली. इथे तर दोन्ही कान नॉर्मल दिसतायत."

"दिसतायत खरे."

"बरं, हरकत नाही. दहा प्रश्न आहेत. फक्त एक करा, उत्तर त्यांच्याच आवाजात हवं. नियम आहे तसा. बाकी तुमच्या सोयीने."

मग असं सुरू झालं. ती प्रश्न ऐकायची, फोन बाजूला धरायची, नवऱ्याच्या उजव्या कानाशी जाऊन मोठ्याने विचारायची आणि फोन त्याच्या तोंडापुढे धरायची. "झोप लागते का?" "नाही." "किती तास लागते?" "दोन. कधी तीन." तिसऱ्या प्रश्नाला तिचा आवाज चढला. भिंतीपलीकडून शेजारीणबाई ओरडल्या, "अगं, कोणावर खेकसतेस एवढी? भांडण झालं का?"

"नाही हो काकू, फोन आहे!"

"मग फोनवर खेकस ना, त्या बिचाऱ्यावर कशाला?"

फोनवरची बाई थोडं हसली. "सावकाश होऊ द्या, ताई." बायकोही हसली. हवालदाराने दोघींपैकी एकीचं हसू बघितलं आणि तोही हसला. पाच, सहा, सात, आठ. राग येतो का, एकटं वाटतं का, कामात लक्ष लागतं का. "कामच नाही," तो म्हणाला. तो ताठ बसला होता, हात मांडीवर, डोळे तिच्या ओठांवर, प्रत्येक उत्तर नेमकं आणि छोटं. अनेक आठवड्यांत त्याला कोणी एवढे प्रश्न विचारले नव्हते.

"नववा जरा नाजूक आहे," बाई म्हणाली. "पण विचारावाच लागतो. गेल्या दोन आठवड्यांत, आपण नसतो तर बरं झालं असतं, किंवा स्वतःचं काही करून घ्यावं, असा विचार मनात आला का?"

बायकोने फोन बाजूला धरला. तिने भिंतीकडे बघितलं, ज्याच्या पलीकडे शेजारीणबाई होत्या. मग नवऱ्याकडे बघितलं. तो वाट बघत होता. हे वाक्य ओरडून विचारायचं होतं. ती त्याच्या कानाशी वाकली.

"अन्न नकोसं होतं का कधी, असं विचारतायत."

तो फोनकडे झुकला. "हो," तो म्हणाला. "जवळजवळ रोज."

पलीकडून बाईचा आवाज आला, पण वेगळा, सावकाश. "ताई, फोन ठेवू नका. मी वरिष्ठांना देते. तुम्ही त्यांच्याजवळच आहात ना?"

वरिष्ठ पुरुष होते. त्यांनी फार विचारलं नाही. उद्या सकाळी दहा वाजता मोठ्या रुग्णालयात, तिसरा मजला, मनोविकार विभाग. चिठ्ठी पाच मिनिटांत फोनवर येईल. तोवर त्यांना एकटं सोडायचं नाही, घरातल्या गोळ्या, फवारणीची औषधं कुलपात ठेवायची, मध्ये काही वाटलं तर याच क्रमांकावर, कितीही वाजता. "समजलं ना, ताई?" तिने हो म्हटलं.

चिठ्ठी चार मिनिटांत आली. मोठ्या रुग्णालयाचा शिक्का, नवऱ्याचं नाव, तारीख, वेळ. याच चिठ्ठीसाठी तिने सगळ्या कागदांच्या तीन-तीन प्रती काढल्या होत्या. फक्त विभाग वेगळा होता. तिने ती दोनदा वाचली. प्रश्न मी बदलला होता, असं फोन करून सांगितलं तर ही रद्द होईल, हे तिला कळत होतं. सांगितलं नाही तर उद्या दहा वाजता डॉक्टर हवालदाराला विचारतील आणि तो म्हणेल, मी तर जेवणाचं बोललो होतो. शेऱ्याच्या रकान्यात ते काय लिहितील हेही तिला माहीत होतं.

"झालं?" हवालदाराने विचारलं. "दहावा नाही विचारला?"

तिने मेजावरचा एक कोरा कागद ओढला. नववा प्रश्न तिने जसा ऐकला होता तसा लिहिला, एकही शब्द न गाळता. दुकानात लोकांचे अर्ज भरताना काढते तशा सुट्या, स्पष्ट अक्षरांत. खाली लिहिलं, ‘उद्या मोठ्या रुग्णालयात बोलावलंय.’ कागद त्याच्यापुढे ठेवला आणि ती उभी राहिली, कारण बसवेना.

त्याने तो वाचला. वाचून झाल्यावरही तो कागदाकडे बघत होता.

"हे विचारलं होतं त्यांनी?"

तिने मान डोलावली.

"आणि मी काय म्हणालो?"

"हो. रोज." ती हळू बोलली होती, तिच्या मूळच्या बारीक आवाजात. त्याने ते ओठांवरून वाचलं.

खिडक्या लावलेल्या होत्या, खोलीत उकडत होतं. त्याने कागदाची घडी घातली, परत उघडली.

"मग उत्तर बरोबरच आहे," तो म्हणाला. त्याला आपल्या आवाजाचा अंदाज नव्हता. भिंतीपलीकडे शेजारीणबाईंची भांडी घासण्याची खसखस चालली होती, ती थांबली.

बायको खाली बसली, त्याच्या खुर्चीला टेकून, जमिनीवर. जे बोलायचं ते ओरडूनच बोलावं लागलं असतं. तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

त्याने कागद सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि विचारलं, "किती वाजता जायचंय?"

तिने दुसरा हातही वर काढला आणि त्याच्यापुढे दोन्ही हातांची दहा बोटं धरली.